सिव्हिल थ्रीडी : घाटातल्या हेअरपिनवर क्रॉस सेक्शन उघडे राहतायत, दरीकडची बाजू जमिनीला टेकतच नाही

सेक्शनवाली_पुणे

नमस्कार मंडळी, भोरच्या पलीकडच्या एका घाटरस्त्याचं डिझाईन करतेय, दोन लेनचा रस्ता आहे, कॅरेजवे ७ मीटर आणि शोल्डर दोन्हीकडे ०.९, म्हणजे रोडवे ८.८ मीटर. सिव्हिल थ्रीडी या रस्ता डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये अलाइनमेंट (रस्त्याची मधली रेघ), प्रोफाइल (तिच्या लेव्हल), असेंब्ली (सबअसेंब्ली नावाचे तुकडे जोडून केलेला आडव्या छेदाचा साचा) सगळं झालंय, कॉरिडॉर (रस्त्याचं थ्रीडी मॉडेल) पण बनला. चेनेज ०+००० पासून ३+२०० पर्यंत (म्हणजे सुरुवातीपासून ३२०० मीटर) सेक्शन एकदम व्यवस्थित येतात, तिथे जमीन बरीचशी सपाट आहे. पण ३+२४० च्या पुढे चढ सुरू होतो आणि तिथून सगळं बिघडतं.

काय होतं ते सांगते. दरीच्या बाजूला काही चेनेजला डेलाईटची लाईनच (रस्त्याच्या कडेपासून जमिनीला टेकणारी उताराची रेघ) येत नाही, शोल्डर संपला की सेक्शन हवेत लटकतो. काही चेनेजला लाईन येते पण लांबच लांब डोंगराखाली जाते आणि सेक्शन व्ह्यूच्या बाहेर निघून जाते. इव्हेंट व्ह्यूअर (एररची यादी) उघडला की टार्गेटशी (ज्या जमिनीला टेकायचं तिच्याशी) छेद सापडला नाही अशा अर्थाच्या लाल ओळींची रांग. ३+३६० ला हेअरपिन (यू आकाराचं वळण) आहे, सेंटरलाईनची त्रिज्या २० मीटर, तिथे आतल्या बाजूला सगळ्या फीचर लाईन एकमेकींत अडकून गाठ झालीय आणि कॉरिडॉर सरफेसला तिथे सुळका आलाय. शिवाय वळणावर सुपरएलिव्हेशन (बाहेरची कड उचलून दिलेला एकतर्फी उतार) द्यायला हवं तर तिथेही दोन्ही बाजूला २.५ टक्के कॅम्बरच दिसतोय, आणि मी अलाइनमेंटवर सुपरएलिव्हेशन कॅल्क्युलेट केलेलं आहे, त्याचं टेबल पण भरलेलं दिसतं.

असेंब्ली ऑफिसमधल्या आधीच्या एका प्रोजेक्टमधून आलीय, तो सोलापूरकडचा सपाट रस्ता होता. फिल स्लोप (भरावाचा उतार) २:१ आहे. सॅम्पल लाईन (जिच्यावर सेक्शन कापला जातो ती आडवी रेघ) डावीउजवीकडे २० मीटर. कुणी घाटात काम केलं असेल तर प्लीज सांगा कुठून बघायला सुरुवात करू, कारण मी एकेक सेक्शन बघत बसले तर महिना जाईल.

एमएच१२_सिव्हिल

आधी नेहमीच्या गोष्टी बघून घ्या, कारण दहातल्या आठ वेळा तिथेच सापडतं. कॉरिडॉर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रत्येक रीजनचे (कॉरिडॉरच्या तुकड्याचे) टार्गेट वेगळे उघडून बघा, वरच्या सेट ऑल टार्गेट्सवर विसंबू नका, रीजन तोडला किंवा असेंब्ली बदलली की एखाद्या सबअसेंब्लीचं सरफेस टार्गेट नन राहून जातं आणि मग डेलाईट कुठे जायचं ते त्याला कळतच नाही. दुसरं, बेसलाईनला प्रोफाइल कुठलं दिलंय बघा, चुकून ग्राउंडचं प्रोफाइल दिलं असेल तर रस्ता जमिनीवरून सरपटत जातो आणि सेंटरला कट फिल शून्य दिसतो. तिसरं, ग्राउंड सरफेस डेटा शॉर्टकटने घेतला असेल तर तो सिंक झालाय का. चौथं, सबअसेंब्ली मेट्रिकच्या पॅलेटमधून घेतलेल्या आहेत ना, इम्पिरियलमधून ओढल्या तर आकडे भलतेच येतात.

आणि घाईचं असेल तर दरीकडे डेलाईटमॅक्सविड्थ लावून बघा, त्यात जास्तीत जास्त रुंदी देता येते, तेवढ्या अंतरात तो स्लोप उभा करून जमिनीला टेकवतोच. लाल ओळी जातील.

सेक्शनवाली_पुणे

धन्यवाद! टार्गेट सगळ्या रीजनला ग्राउंडवरच आहेत, एकेक उघडून बघितले. प्रोफाइल एफआरएलचंच (तयार रस्त्याच्या लेव्हलचंच) आहे, सरफेस ताजा आहे, सबअसेंब्ली मेट्रिक आहेत.

डेलाईटमॅक्सविड्थ लावलं, रुंदी ५ मीटर दिली, आणि खरंच सगळे सेक्शन बंद झाले, एरर पण गेले. हेअरपिनवरची गाठ पण बरीच सुटली. मग आता हेच ठेवून पुढे जाऊ का? सुपरएलिव्हेशन मात्र अजून नाहीच.

धायरीकर

ताई सेक्शन बंद झाले ना मग झालं. सुपरएलिव्हेशनचं वळण दोनचार सेक्शनचंच आहे ना, ते सेक्शन एक्स्प्लोड करून साध्या कॅडमध्ये हाताने फिरवून द्या, सबमिशनला कोण बघतंय त्यात.

जुना_ओव्हरसिअर

थांबा ताई, हे असं पुढे पाठवू नका.

जरा कागद घ्या. तुमच्या ३+२४० ते ३+४२० ला जमिनीचा उतार किती आहे ते सरफेसवर मोजा, त्या भागात ३० अंशाच्या आसपास निघेल. तुमचा फिल स्लोप २:१, म्हणजे आडवं दोन उभं एक, हा होतो २६.६ अंश. जमीन ३० ने खाली जातेय आणि तुमचा भराव २६.६ ने खाली जातोय, म्हणजे जमीन भरावापेक्षा वेगाने खाली पळतेय, या दोन रेघा पुढे कुठेच भेटणार नाहीत, उलट अंतर वाढतच जाणार. सॉफ्टवेअरने लाल ओळ दिली ती बरोबर दिली, तो खरं सांगत होता की असा भराव या डोंगरावर बसतच नाही. जिथे जमीन जरा खाली जाऊन सपाट झाली तिथे त्याला छेद सापडला, म्हणून तुमची काही चेनेजची लाईन लांबच लांब गेली. दोन्ही लक्षणांचं कारण एकच आहे.

आता कुणी म्हणेल १.५:१ करा. करा आणि हिशोब बघा. १.५:१ म्हणजे ३३.७ अंश, मीटरला ०.६६७ खाली. जमीन मीटरला ०.५७७ खाली. फरक ०.०८९. शोल्डरच्या कडेला भराव २ मीटर उंच असेल तर टेकायला २ भागिले ०.०८९, म्हणजे साधारण २२.४ मीटर लागतील. शोल्डरपासून २२.४ आणि सेंटरपासून ४.४ अधिक धरा, २६.८ मीटर. तुमची सॅम्पल लाईन २० वर संपते, म्हणजे १.५:१ केलं तरी सेक्शनमध्ये शेवट दिसणार नाही. आणि हा पायथा शोल्डरच्या १५ मीटर खाली जाऊन टेकतो. दोन मीटरच्या भरावासाठी डोंगराच्या अंगावर १५ मीटर खालपर्यंत मातीचा पातळ थर पसरायचा, सेक्शनला २२.४ चौरस मीटर माल, दर दहा मीटरला २२४ घनमीटर, तेवढी जास्तीची जमीन, तेवढी झाडं, आणि ३० अंशाच्या उतारावर बेंचिंग (पायऱ्या) न करता टाकलेला असा पातळ थर एक पावसाळा सुद्धा राहत नाही. भोर-मुळशीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

आणि डेलाईटमॅक्सविड्थने काय केलं ते बघा. ५ मीटरमध्ये त्याला २ अधिक २.८९ म्हणजे ४.८९ मीटर खाली उतरायचंय, म्हणून त्याने तुमचा भराव जवळजवळ १:१ करून टाकला, ४४ अंश. कागदावर रेघ टेकली. साईटवर मुरमाचा भराव ४४ अंशावर उभा राहत नाही. ही सोय सपाट मुलखात जागेची मर्यादा असते तिथे चांगली आहे, एखाद्या शेताच्या बांधाशी थांबायचं असतं तेव्हा, पण घाटात ती एरर झाकते. एमएच१२ यांची बाकीची यादी अगदी योग्य आहे, फक्त या एका गोष्टीवर माझा सक्त विरोध.

इथे वॉल लागते. दरीकडे रिटेनिंग वॉल (भराव अडवणारी भिंत) किंवा गॅबियन (जाळीत भरलेले दगड), तेच उत्तर. सिव्हिल थ्रीडीमध्ये दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कंडिशनलकटऑरफिल लावायचं, शोल्डरच्या कडेला भराव एका ठराविक उंचीच्या आत असेल तर साधा डेलाईट, त्याच्या वर गेला की रिटेनवॉलव्हर्टिकल. याला स्वतःचं वेगळं सरफेस टार्गेट द्यावं लागतं हे विसरू नका. पण तुमच्याकडे अडचण फक्त उंचीची नाहीये, उताराची आहे, एक मीटरच्या भरावाला सुद्धा २:१ टेकणार नाही, म्हणून मी दुसरा रस्ता धरेन. ३+२४० ते ३+४२० चे रीजन तोडा, वॉलवाली वेगळी असेंब्ली करा आणि ती त्या रीजनला द्या. वॉल कुठे सुरू कुठे बंद हे शेवटी साईटवर चालूनच ठरतं, ते चेनेज रीजनला टाकले की ड्रॉइंग आणि साईट एक राहते. आणि वॉल सुद्धा टाळता येते का ते आधी बघा, अलाइनमेंट डोंगराकडे दीड-दोन मीटर सरकवली की दरीकडचा भरावच नाहीसा होतो आणि रस्ता अख्खा कटिंगमध्ये, घट्ट जमिनीवर बसतो. घाटात शक्यतो तेच करावं.

हेअरपिनची गाठ पण यातूनच आली. त्रिज्या २०, आणि १.५:१ ने सुद्धा डेलाईट सेंटरपासून २६.८ वर जायला बघतो, म्हणजे वर्तुळाच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, मग सगळ्या रेघा एकमेकींना ओलांडणारच. बोटाय (अशी गाठ) क्लिअर करायची कमांड आहे पण आधी वॉल लावा, बहुतेक गाठ आपोआप जाईल, उरली तर कमांड. आणि एक गोष्ट हेअरपिनवर कायम डोक्यात ठेवा, वरचा पाय (वळणाच्या वरचा रस्ता) आणि खालचा पाय (खालचा रस्ता) दोघांचं टार्गेट मूळ ग्राउंड आहे, वरच्या पायाला खालचा पाय आहे हे माहीतच नाही. वरचा भराव खालच्या रस्त्याच्या डोक्यावर येऊन बसला तरी सॉफ्टवेअर काही बोलणार नाही. दोन पायांमधला एक सेक्शन मुद्दाम काढून बघा.

धायरीकर, तुम्हाला एक विनंती. सेक्शन एक्स्प्लोड केला की तो मेला. उद्या प्रोफाइल ३० सेंटिमीटर वर जाईल, फॉरेस्टची हद्द पुढेमागे होईल, आणि बाकीचे सेक्शन बदलतील पण हे चार तसेच राहतील, त्याच्या क्वांटिटीवर बिल निघेल, लेआऊट देणारा पोरगा तीच लेव्हल मारेल. वळणावर चुकीचा उतार दिला तर गाडी दरीकडे ढकलली जाते. बघणारं कुणी असो नसो, त्या वळणावरून एसटी जाणार आहे.

धायरीकर

मान्य सर. माझं बहुतेक काम सोसायटीच्या आतल्या रस्त्यांचं असतं, घाटाचा हिशोब मी असा केलाच नव्हता. २:१ आणि ३० अंशाचं गणित लिहून ठेवलं.

एमएच१२_सिव्हिल

ओव्हरसिअर सरांचं पटलं. सुपरएलिव्हेशनचं मी सांगतो. ताई असेंब्लीत लेनसाठी कुठली सबअसेंब्ली आहे? मला वाटतं बेसिकलेन असणार. बेसिकलेनला एक ठरलेला स्लोप असतो, ती अलाइनमेंटच्या सुपरएलिव्हेशनकडे बघतच नाही, तुम्ही टेबल कितीही भरा. तिच्या जागी लेनसुपरएलिव्हेशनएओआर घाला, आणि त्यात यूज सुपरएलिव्हेशन नावाचं पॅरामीटर आहे ते डाव्या लेनला लेफ्ट लेन आऊटसाइड आणि उजव्या लेनला राईट लेन आऊटसाइड करा, ते नन राहिलं तर ही पण सरळच राहते. शोल्डरचंही वेगळं बघा, नाहीतर लेन एकीकडे झुकते आणि शोल्डर दुसरीकडे.

आणि टेबलमधले आकडे कुठून आलेत तेही बघा. डिफॉल्टला अमेरिकेच्या रस्ते मानकांची, आशटोची, क्रायटेरिया फाईल लागते. आयआरसीप्रमाणे (आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे) हिशोब सोपा आहे, वेगाचा वर्ग भागिले (२२५ गुणिले त्रिज्या). हेअरपिनला डिझाईन स्पीड २० धरतात, म्हणजे ४०० भागिले ४५००, ०.०८९, म्हणजे ८.९ टक्के. बर्फ पडत नाही अशा डोंगरी भागात कमाल १० टक्के, सपाट मुलखात ७. तुमच्या टेबलमध्ये त्या वळणाला भलताच आकडा असेल तर फाईल बदला किंवा टेबलमध्ये हाताने दुरुस्त करा, टेबलमधली दुरुस्ती चालते कारण कॉरिडॉर तिथूनच वाचतो.

वळणावरचं एक्स्ट्रा वायडनिंग दिलंय का? २० मीटर त्रिज्येला दोन लेनसाठी दीड मीटर, आणि घाटात ते सगळं आतल्या बाजूलाच द्यायचं असतं. त्यासाठी ऑफसेट अलाइनमेंट करून तिच्यात वायडनिंग घाला आणि लेनच्या रुंदीला ती टार्गेट द्या. बेसिकलेन रुंदीचं टार्गेटही घेत नाही, म्हणून ती बदलावीच लागेल.

फ्रीक्वेन्सी (किती मीटरला एक सेक्शन) किती ठेवलीय? वळणावर २५ मीटर असेल तर कॉरिडॉरला वळण दिसतच नाही. २० त्रिज्येवर १० मीटरच्या दोन सेक्शनमधली जीवा खऱ्या कडेपासून ६२ सेंटिमीटर आत जाते, ५ मीटरला १६ सेंटिमीटर, २ मीटरला अडीच सेंटिमीटर. हेअरपिनच्या रीजनला २ ठेवा, बाकी रस्त्याला १० चालेल, आणि सुपरएलिव्हेशनच्या क्रिटिकल पॉइंटवर सेक्शन घ्यायचं चालू करा.

ठिपका_सर्व्हे

डिझाईनवाले सगळे बोलले, आता सर्व्हेकडून एक. सॅम्पल लाईन २० वरून ४० केली म्हणून पुढची जमीन खरी होत नाही. सर्व्हेची पट्टी सेंटरपासून किती रुंद घेतलीय ते विचारा. सपाट रस्त्याला ३० मीटरची पट्टी पुरते, पण हेअरपिनवर वरच्या पायापासून खालच्या पायापर्यंत अख्खा डोंगर उचलावा लागतो. पट्टीच्या बाहेर सरफेस काय करतो तर कडेच्या दोन लांबच्या पॉइंटमध्ये लांबुडका त्रिकोण ओढतो, आणि तुमचा डेलाईट त्या खोट्या त्रिकोणावर जाऊन बसतो, सेक्शन बंद दिसतो पण तिथे जमीनच नाहीये. सरफेसच्या डेफिनिशनमध्ये मॅक्झिमम ट्रँगल लेंग्थ लावा, किंवा कडेने बाउंडरी द्या, मग पट्टीच्या बाहेर गेलं की स्पष्ट कळतं. एखादा पॉइंट शून्य लेव्हलचा राहिला असेल तर तेही बघा, कॉन्टूर एका जागी गच्च गोळा झालेले दिसतात तिथे तो असतो.

आणि सर्व्हे ड्रोनचा असेल तर कुठल्या महिन्यात केलाय ते जरूर बघा. फोटोवरून केलेला सरफेस झाडांच्या शेंड्यांवरून जातो, आपल्या घाटात कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उडवला असेल तर जमीन तुम्हाला दोन-तीन मीटर वर दिसेल आणि २ मीटरचा भराव आहे का ४ मीटरचा हेच कळणार नाही. दरीकडच्या कडेला दर २० मीटरला टोटल स्टेशनने किंवा डीजीपीएसने चार पॉइंट मारून ताळा घ्या. वॉलची उंची त्यावर ठरणार आहे, तिथे कंजुषी करू नका. झाडीत डीजीपीएस दगा देतो, तिथे टोटल स्टेशनच लावा.

सेक्शनवाली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं.

जमिनीचा उतार मोजला, त्या भागात २८ ते ३२ अंश येतोय, सरांनी न बघता सांगितलं तेच. लेन बेसिकलेनच होती, बदलली, सुपरएलिव्हेशन लगेच आलं, मी उगाच अलाइनमेंटमध्ये शोधत होते. टेबलमध्ये आशटोचेच आकडे होते. ३+२४० ते ३+३२० मध्ये अलाइनमेंट डोंगराकडे १.८ मीटर सरकवली, तिथे आता दरीकडे भराव जवळपास नाहीच, वॉलची गरज फक्त ३+३२० ते ३+४०० ला उरली, म्हणजे १८० मीटरची वॉल ८० वर आली! डेलाईटमॅक्सविड्थ काढून टाकलं. सर्व्हेवाल्या दादांना कळवते, पट्टी २५ मीटरचीच आहे आणि ड्रोनचा सर्व्हे ऑक्टोबरचा आहे, त्यामुळे साईटवर ताळा घ्यायला लोक पाठवायचं ठरलं.

आता दोन शंका उरल्यात. हेअरपिनचं व्हॉल्यूम सॅम्पल लाईनवरून काढलं तर एक आकडा येतो आणि ग्राउंड विरुद्ध डेटम (रस्त्याच्या थरांचा तळ) असा व्हॉल्यूम सरफेस करून बघितलं तर बराच कमी येतो. सरळ भागात दोन्ही आकडे जुळतात. खरा कुठला? आणि दुसरं, अलाइनमेंट डोंगराकडे गेल्यामुळे कटिंग वाढलं, डोंगराकडचा कट स्लोप १:१ ठेवलाय, तो बरोबर आहे का?

जुना_ओव्हरसिअर

अलाइनमेंट सरकवून बघितलीत हे फार चांगलं केलंत.

व्हॉल्यूमचं सांगतो. सॅम्पल लाईनची पद्धत म्हणजे दोन सेक्शनच्या क्षेत्रफळाची सरासरी गुणिले मधलं अंतर, आणि हे अंतर ती सेंटरलाईनवर मोजते. सरळ रस्त्यात काही फरक पडत नाही. वळणावर माल सेंटरलाईनच्या आत असेल तर तो खरंतर कमी अंतर चालतो. समजा त्रिज्या २० आणि सेक्शनमधल्या मालाचा मध्य सेंटरपासून ८ मीटर आत आहे, तर तो १२ मीटर त्रिज्येच्या वाटेवर आहे, म्हणजे खरं अंतर ६० टक्केच. तुमचा आकडा तिथे दीडपटीहून जास्त फुगतो. बाहेरच्या बाजूला माल असेल तर उलटं, कमी येतो. क्वांटिटीच्या सेटिंगमध्ये कर्व्ह करेक्शन आहे ते चालू करा आणि परत ताळा घ्या, आकडे जवळ येतील. त्यात हेअरपिनवर सॅम्पल लाईन आतल्या बाजूला एकमेकींना कापत असतील तर तोच माल दोनदा मोजला जातो, तिथे आतली रुंदी कमी करा, सगळीकडे ४० ठेवू नका. आणि सॅम्पल लाईन कॉरिडॉरच्या स्टेशनवरूनच तयार करा, तसा पर्याय आहे, मधल्याच चेनेजला घेतली की दोन सेक्शनच्या मधला अंदाज येतो. डेटम सरफेसला ओव्हरहँग करेक्शन बॉटम लिंक्स आहे ना तेही बघा, वॉल आली की टीन (त्रिकोणांच्या) सरफेसमध्ये घोळ होतो कारण एकाच जागी दोन लेव्हल त्याला ठेवता येत नाहीत. बिलाला कुठली पद्धत चालेल हे टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, ती लावा, दुसरी ताळ्याला ठेवा.

हेअरपिनच्या शेंड्यावर रोडवे किती झालाय? तुमचा ८.८ अधिक वायडनिंग १.५ म्हणजे १०.३. राज्यमार्ग दोन लेन असेल तर शेंड्यावर किमान ११.५ हवा. १.२ मीटर कमी पडतोय, वॉलची जागा ठरवायच्या आधी हे वाढवून घ्या नाहीतर वॉल परत हलवावी लागेल. आतल्या वळणाची त्रिज्या १४ च्या खाली जायला नको आणि तिथली चढण ४० ला १ पेक्षा तीव्र नको, म्हणजे प्रोफाइलपण तपासा.

आता कट स्लोप, यावर जरा जास्त बोलतो कारण यात माणसं जातात. १:१ एकच स्लोप अख्ख्या उंचीला लावणं हे सपाट भागातल्या असेंब्लीची सवय आहे. आपला सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा, वर माती, खाली मुरूम, मग सॉफ्ट रॉक, मग हार्ड रॉक. डोंगरी रस्त्यांच्या आयआरसीच्या मॅन्युअलमध्ये मातीला १:१ ते अर्धा:१, झिजलेल्या खडकाला अर्धा:१ ते पाव:१, सॉफ्ट रॉकला पाव:१ आणि त्याहून उभा, हार्ड रॉक जवळजवळ उभा, असं दिलेलं आहे, यात पहिला आकडा आडवा. सगळीकडे १:१ ठेवलं तर खडकात विनाकारण ब्रेकर चालतो आणि कटिंग डोंगरात खूप वरपर्यंत जातं, वरची झाडं जातात, वरची माती मोकळी होते. सगळीकडे उभं ठेवलं तर वरची माती पहिल्याच जोराच्या पावसात रस्त्यावर. डेलाईटमल्टिपलसरफेस म्हणून सबअसेंब्ली आहे, तिला खडकाचे वेगवेगळे सरफेस देता येतात आणि प्रत्येक थराला वेगळा स्लोप. त्यासाठी ट्रायल पिट किंवा बोअर लागतील, तेवढी मागणी वरिष्ठांकडे करा, लेखी करा. बोअर मिळाले नाहीत तर निदान आजूबाजूच्या जुन्या कटिंगमध्ये थर किती मीटरवर बदलतात ते मोजून सरफेस बनवा.

बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा असतो, रेड बोल म्हणतात, तो पाण्याने मऊ पडतो आणि वरचा खडक त्यावरून सुटतो. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. तिथली कारणं वेगळी होती, अतिवृष्टी होती, उतारावरची जमीन हलवलेली होती, मी त्याची तुमच्या रस्त्याशी बरोबरी करत नाही. पण पाणी आणि उतार यांचा नियम तोच आहे. म्हणून कटिंगच्या डोक्यावर कॅच वॉटर ड्रेन (वरून येणारं पाणी अडवणारी चर) तुमच्या सेक्शनमध्ये दिसलीच पाहिजे, नुसतं डोंगराकडचं रस्त्याचं गटार पुरत नाही. असेंब्लीत ती नसते, डेलाईटच्या वरच्या कडेपासून ठराविक अंतरावर लिंक जोडून घाला म्हणजे सेक्शनमध्येही येईल आणि क्वांटिटीमध्येही.

ठिपका_सर्व्हे

ताळ्याला माणसं जाणारच आहेत तर त्याच फेरीत जुन्या कटिंगच्या थरांच्या लेव्हल घ्यायला सांगा, रिफ्लेक्टरलेस टोटल स्टेशन असेल तर खाली उभं राहून होतं, कड्यावर चढायची गरज नाही. प्रत्येक थराला वेगळा कोड द्या, मु, एसआर, एचआर असं काहीही चालेल, म्हणजे ऑफिसमध्ये आल्यावर पॉइंट ग्रुप करून सरळ सरफेस बनतात.

सेक्शनवाली_पुणे

हो, कोडची यादी करून देते त्यांना. शेंड्याचा रोडवे ११.५ केला, ऑफसेट अलाइनमेंट आत १.२ ने अजून सरकवली, कॅरेजवेची आतली कड आता १३.८ त्रिज्येवर येतेय, १४ ला थोडी कमी पडते म्हणून सेंटरलाईनची त्रिज्या २१ करून बघतेय. सर, कॅच वॉटर ड्रेन डेलाईटपासून किती वर ठेवू?

जुना_ओव्हरसिअर

२१ करा. वायडनिंग ऑफसेट अलाइनमेंटमध्ये आहे म्हणून त्रिज्या बदलल्यावर तिचे सुरू-बंद चेनेज एकदा बघून घ्या, आणि सुपरएलिव्हेशन परत कॅल्क्युलेट करा, २१ ला ८.५ टक्के येईल. त्रिज्या २० च्या वर गेली तरी ४० पर्यंत दोन लेनला वायडनिंग दीड मीटरच आहे, ते बदलू नका.

ड्रेनचं अंतर एक आकडा लावून ठरवू नका, कटिंगच्या कडेला अगदी चिकटून खोदली तर तीच चर पाणी मुरवून कडा पाडते. ती घट्ट जमिनीत बसली पाहिजे, तिला अस्तर पाहिजे, आणि तिचं पाणी दोन्ही टोकांना नैसर्गिक ओढ्यात किंवा मोरीच्या तोंडाशी सुटलं पाहिजे. आधी तुमच्या मोऱ्यांचे चेनेज आणि वरच्या डोंगराचे कॉन्टूर इथे टाका, ड्रेनची लाईन त्यावरून काढू.